पहिला बार निवडणाऱ्याचा

गंगापूर रोड, नाशिक
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. सावळीराम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल भाऊबीज झाली. पाट मांडला, ताट लावलं, आणि भाऊ नांदगावात बसून राहिला. पिंपळगावहून महेश आला म्हणून निदान निरांजन वाया गेलं नाही. तुझ्या पोरालाच ओवाळलं. त्याला म्हटलं, बापाचं ताम्हन तूच भर, आणि बापाला सांग की बहीण अजून जिवंत आहे.

तुला फोन करणं मी सोडलं आहे. चौतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजवर कानाला हेडफोन लावून बसलेली बाई मी. लाइन कुठे खराब आहे हे मला सांगायला कुणी लागत नाही. तुझा आवाज इकडे स्वच्छ येतो आणि माझा तुला येत नाही, म्हणजे दोष तुमच्या टॉवरचा. कंपनीकडे तीन तक्रारी केल्या. तिथली मुलगी मला धीर धरा म्हणाली. मी तिला विचारलं, तुझं वय काय, आणि माझं काय, यात धीर कुणी धरायचा? तर ते असो. तू पत्राचा आग्रह धरलास ते बरंच झालं. माझी भावजय चिमणा गेल्यापासून तुझ्या हातचं अक्षर तरी दिसतं.

आता तुझं काम. बाबांच्या वेळचा बंदुकीच्या नळ्यांचा व्यापारी दुकान बंद करून बसला आहे, त्यामुळे नवा शोधावा लागला. तुझ्या परवान्याची प्रत, सहा शेतकऱ्यांच्या परवान्यांच्या प्रती आणि माझी जीभ एवढं घेऊन गेले. त्याने आधी मला 'आजी' म्हटलं. मग मी त्याचं इंग्रजी पत्रक त्याच्याच समोर मोठ्याने वाचलं आणि दोन चुका दाखवल्या, तेव्हा 'मॅडम' म्हणू लागला. नांदगावच्या बंदूकवाल्याने मुलीला नाशिकला नन्सकडे ठेवलं ते एवढ्यासाठीच. कायद्याची पुस्तकं इंग्रजीत येतात, आणि घरात एकाला तरी ती वाचता यायला हवीत, असं बाबा म्हणायचे.

सहा नळ्या आणल्या. व्यापाऱ्याचं प्रमाणपत्र सोबत आहे. मी त्याच्याच दुकानात, त्याच्याच छताच्या कडीला दोरा बांधून एकेक टांगली आणि वाजवून पाहिली. गिऱ्हाईकं बघत उभी राहिली. त्यातल्या ६४ आकडा कोरलेल्या नळीचा नाद काय सांगू! आमच्या शाळेच्या प्रार्थनेची घंटा आठवली. मी बारापर्यंत मोजलं तरी ती थांबेना. ती भिकनला दे. डोंगराकडेला त्याचाच मका आधी खातात ना डुकरं?

अंबडला एकाकडे धातूचा आतला फोटो काढून देणारं यंत्र आहे म्हणतात. हवं असेल तर नळ्या तिथे दाखवून घेते. नाहीतर महेश टेम्पोने घेऊन येतोच आहे.

वीस तारखेला माझे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत. त्यानंतर दोन महिने मी कुणाला पत्र लिहीन असं वाटत नाही. तू मात्र लिही. आणि जेवत जा.

लोभ आहे, तो कागदावर मागायची वेळ आणू नकोस.

तुझी,
उज्वलाअक्का

•

नांदगाव
दि. १५ नोव्हेंबर २०२४

ती. उज्वलाअक्का हिला,
सावळीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

नळ्या महेशने आणून दिल्या. भाऊबीजेला आलो नाही त्याचा राग धरू नको. कंबर धरली होती. महेशने ताम्हनात काय घातलं ते त्याने सांगितलं नाही, म्हणजे कमीच घातलं असणार. माझा हिस्सा तुझ्याकडे उधार.

नळ्या पाहिल्या. आधी उजेडाकडे धरून आतून पाहिल्या. सावल्यांच्या कड्या एकीमागे एक सरळ गेलेल्या दिसल्या, कुठे तुटलेल्या नाहीत. मग वाशाला टांगून बाबांच्याच चिंचेच्या खुंटीने वाजवल्या. सहाच्या सहा चांगल्या निघाल्या. एकही टाकली नाही. तुझ्या नव्या व्यापाऱ्याला माझा नमस्कार सांग.

फोटोचं यंत्र नको. बाबांनी कधी नळीचा फोटो काढला नाही. फोटो लग्नाचा काढतात. महेशलाही तेच सांगितलं. तो मला म्हणाला, अण्णा, आमच्याकडे द्राक्षाच्या मण्याचंसुद्धा मशीनने माप घेतात. मी म्हटलं, द्राक्ष तोंडाजवळ आणून कोणी बार काढत नाही.

ही सहा झाली की कारखान्याचं काय करायचं ते ठरवू. परवाना पुढल्या सालापर्यंत आहे. महेशला यात यायचं नाही आणि मी त्याला ओढणार नाही. पण सहा माणसं वर्षभर थांबली आहेत. भिकनची बाई बायडाबाई बाजाराला आली की दुकानाशी थांबते आणि म्हणते, दादा, डुकरांना सांगून ठेवू का अजून थोडं थांबायला? तिची जुनी बंदूक मी स्वतः मोडीत काढली. आता नवी देणं माझ्यावर आहे.

काम चालू केलं की चिमणाची फार आठवण येते. मी नळी वाजवायचो तेव्हा ती उंबऱ्यावर सूप घेऊन बसायची. चाळीस वर्षांत एक नळी मी तिच्याशिवाय निवडली नाही. लोकांना वाटायचं दाणे पाखडते.

पहिला बार रिवाजाप्रमाणे मीच काढीन. निवडणाऱ्याचा पहिला बार, हे बाबांचं सांगणं मोडणार नाही. लांबून सुतळीने घोडा ओढायचा प्रकार आपल्या घरात झाला नाही आणि होणार नाही.

गुडघ्यांना जप. डॉक्टरांशी भांडू नको, निदान शुद्धीवर येईपर्यंत.

माया आहेच, तशीच राहू दे.

तुझा,
सावळीराम

•

गंगापूर रोड, नाशिक
दि. २२ जानेवारी २०२५

चि. सावळीराम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी अक्का दोन नव्या गुडघ्यांवर उभी आहे. संजना नावाची एक मुलगी रोज सकाळी येऊन माझे पाय वाकवते आणि वर हसते. मी तिला म्हटलं, आमच्या मदर सुपीरियर तुझ्यापेक्षा दयाळू होत्या आणि त्यांच्या हातात पट्टी असायची. तिने आणखी दहा अंश वाकवला.

महेश परवा येऊन गेला. सहाही बंदुका तयार होऊन ज्याच्या त्याच्या घरी गेल्या म्हणाला. अभिनंदन. आता सभ्य माणसासारखं एका प्रश्नाचं उत्तर दे. सहावी नळी कुठून आणलीस?

आता तरी कबूल कर, सावळ्या. मला दोन महिने अंथरुणात हसू येत होतं. तू पत्रात मोठ्या थाटात लिहिलंस की सहाच्या सहा चांगल्या. मी म्हटलं, वा, भाऊ माझी फिरकी घेतो आहे. त्याने खेळ ओळखला आणि चेहरा कोरा ठेवला. बाबा आपल्याशी हेच करायचे ना? पाच चांगल्या नळ्यांत एक खोटी घालायची, खूण करायची नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि संध्याकाळी गोठ्यामागच्या ढिगात ती पडली आहे की नाही ते बघायचं. मी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा ओळखली तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं. तू तीनदा चुकलास आणि तीन दिवस रडलास. मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून आत्ता सांगते.

तर मी तुला त्या सहांत एक खोटी पाठवली. व्यापारी म्हणाला, हिच्यात काहीतरी आहे, ही राहू द्या, मॅडम. मी म्हटलं, हीच द्या. दोऱ्याला टांगून वाजवली तेव्हा तडकलेल्या कपासारखी बोलली होती. तुझ्यासारख्याने ती पाठ करूनही ओळखली असती. म्हणून विचारते, ती ढिगात टाकलीस, की घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवलीस, बाबा रोवायचे तशी? आणि तिच्या जागी सहावी कुठून मिळाली? बाबांच्या वेळची एखादी लपवून ठेवली होतीस वाटतं.

लवकर लिही. या वयात मला खेळात जिंकल्याचा आनंद फार होतो, आणि हरल्याचाही चालतो. पण कोण हरलं ते तर कळू दे.

आशीर्वाद आणि उरलेली थट्टा समक्ष.

तुझी,
उज्वलाअक्का

•

नांदगाव
दि. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

ती. उज्वलाअक्का हिला,
सावळीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र सत्तावीस तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला कारण मी गावोगाव फिरत होतो. आता सगळं लिहितो. रागावू नको असं लिहिणार नाही. रागाव.

सहावी नळी मी कुठून आणली नाही. तू पाठवलेल्या सहांच्याच सहा बंदुका केल्या.

अक्का, मला ऐकू येत नाही. टॉवरचा दोष नाही. तू बिचाऱ्या त्या मुलीला उगाच बोललीस. चार वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले, मग चिमणाचा गेला, आता अंगणात ट्रॅक्टर उभा राहिला तर पायाला कळतं. महेशला वाटतं मी हट्टी झालो आहे. गिऱ्हाइकांना वाटतं मी विचारात असतो. मी कोणाला सांगितलं नाही, कारण ज्याला नाद ऐकू येत नाही त्याच्या हातची बंदूक कोण घेणार?

चिमणाला माहीत होतं. तिनेच तोड काढली. मी खुंटी मारायची आणि मान न वळवता तिच्या सुपाकडे पाहायचं. नळी चांगली असली तर सूप चालू. वाईट असली तर सूप थांबायचं. तीन वर्षं गावातला एक माणूस हे ओळखू शकला नाही. ती गेली तेव्हा माझं माणूस गेलं म्हणून सगळे आले. माझा कान गेला हे एकालाही कळलं नाही.

तू पाठवलेल्या नळ्या मी दातात धरून वाजवल्या. हाडातून काही येतं का पाहिलं. बोटाच्या टोकाला थरथर लागली. सहाही सारख्या लागल्या, म्हणून तुला सहाही चांगल्या लिहिल्या. पहिला बार सहाही बंदुकांचा मीच काढला. सहाही निभावल्या. म्हणून दिल्या. पण एक बार निभावणारी नळी दहाव्याला फाटते हे तुला आणि मला दोघांना माहीत आहे.

पत्र दोनदा वाचलं. मग दुसऱ्या दिवसापासून फिरलो. घोड्याची स्प्रिंग-कमान बदलायची राहिली असं खोटं सांगून पाच बंदुका आणल्या. भिकन देईना. त्याच्या शेतात रोज डुकरं आहेत आणि त्याने आतापर्यंत चार बार काढले आहेत. बायडाबाई मला काहीतरी रागाने बोलत होती. ओठांवरून एवढंच कळलं की वर्षभर थांबवलंत आणि पंधरा दिवसांत परत नेता. तिसऱ्या खेपेला दिली. काल सहावी भिंतीला लागली तेव्हा मी जेवलो.

आता भिंतीवर सहा आहेत आणि त्यातली खोटी कोणती ते मला कळत नाही. बाबांचा नियम मोडून तू खूण केली नसणार. तुझं पत्र येईपर्यंत थांबावं तर रोज कोणीतरी दारात येऊन कमान झाली का विचारतं. महेशला सांगून यंत्राकडे नेता येतील, पण मग काय झालं ते सांगावं लागेल. ते मला होणार नाही.

म्हणून ठरवलं आहे. मंगळवारी सकाळी ओढ्याकडे जाऊन प्रत्येकीचे पाच-पाच बार काढतो. जी खोटी असेल ती बोलेल. निवडल्या मी, बार माझे.

तुझ्या खेळाला बोल लावत नाही. तू कानवाल्या भावाशी खेळलीस. तो भाऊ नाही हे त्याने तुला सांगायला हवं होतं.

आहे तशी माया ठेव.

तुझा,
सावळ्या

•

नांदगाव
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. उज्वलाआत्या यांस,
महेशचा शि. सा. न.

हे पत्र आमच्या पॅकहाउसच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतो. फोन दोनदा लावला आणि तुम्ही उचलायच्या आत कापला. तुमचा आवाज ऐकला तर मला बोलता येणार नाही.

अण्णा आज सकाळी सहाही बंदुका घेऊन एकटे ओढ्याकडे गेले. चार बंदुकांचे सगळे बार झाले. पाचवीच्या तिसऱ्या बाराला नळी फुटली. अण्णांचा डावा हात मनगटापासून गेला आहे. डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा राहील. जीव वाचला. मालेगावला ठेवलं आहे.

भिकन रानात होता, तोच धावत आला. बैलगाडी नाही, जीप नाही, त्याने अण्णांना मोटारसायकलवर मध्ये धरलं आणि मागे बायडाबाई बसली. तिच्या लुगड्याने हात बांधला होता. डॉक्टर म्हणाले, तेवढ्यानेच वाचले. ती फुटलेली बंदूक भिकनचीच होती.

आत्या, अण्णांना ऐकू येत नाही. मला आज कळलं. मी स्ट्रेचरच्या मागून हाका मारत होतो आणि त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मला वाटलं वेदनेने. मग नर्सने पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा त्यांनी लगेच उत्तर दिलं. मी चार वर्षं त्यांच्यावर हट्टी म्हणून चिडलो. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडलो, आणि तो आवाज त्यांच्यासाठी नव्हताच. घर रिकामं वाटू नये म्हणून आई लावायची, तसा ते लावत होते.

पोलिसांनी पंचनामा केला. कारखान्याला कुलूप आहे. अण्णांनी जबाब दिला की नळी मी निवडली, मीच तपासली, दुसऱ्या कोणाचा संबंध नाही.

तुमचे गुडघे असे असताना येऊ नका म्हणतो, पण तुम्ही याल हे माहीत आहे. गाडी पाठवतो.

आपला,
महेश

•

नांदगाव
दि. १० मार्च २०२५

ती. उज्वलाअक्का हिला,
सावळीरामचा नमस्कार. साष्टांग आता एका हाताने घालता येत नाही.

घरी आलो. उजवा हात चालतो, म्हणून पत्र. तू मालेगावला आठ दिवस खुर्चीवर बसून राहिलीस, एक शब्द बोलली नाहीस. मला ऐकू येत नाही म्हणून नव्हे, पाटी तुझ्या मांडीवरच होती. तू गप्प बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. डॉक्टरांशीसुद्धा भांडली नाहीस. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

एकच गोष्ट विचारतो. पोलिसांनी पाच शाबूत बंदुका नोंद करून परत दिल्या. त्या ज्याच्या त्याला द्यायच्या की नाही, हे माझ्या सांगण्यावर ठेवलं आहे. माणसं विचारतात. फुटलेली नळी तुझी ती खोटी होती असं तू लिहिलंस की मी पाचही देऊन टाकतो आणि मोकळा होतो. एक हात जाऊन खोटी बाहेर पडली असेल तर हिशेब मला कबूल आहे. बाबा असते तर म्हणाले असते, उशिरा ओळखलीस पण ओळखलीस.

फुटलेल्या तुकड्यावर आकडा वाचता येतो. ६४ आहे.

तू ये, बाकीच्या पाच वाजवून बघ. तुझा कान आपल्या घरात सगळ्यांत चांगला होता. तू हो म्हटलंस की मी डोळे मिटून देईन.

महेश हल्ली माझ्यासमोर येऊन बोलतो. फार हळू आणि तोंड मोठं करून बोलतो. मासा वाटतो. त्याला सांगू नको.

माया कमी झाली असेल तरी ये.

तुझा,
सावळ्या

•

गंगापूर रोड, नाशिक
दि. २४ मार्च २०२५

चि. सावळीराम यास,
आशीर्वाद. 'अनेक' आणि 'उत्तम' हे शब्द आज माझ्या हातून उतरत नाहीत.

शनिवारी मी आले, पाचही नळ्या वाशाला टांगून वाजवल्या, आणि चहा न घेता गाडीत जाऊन बसले. तुला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं. तू माझ्या चेहऱ्याकडे पाहत होतास. चिमणाच्या सुपाकडे पाहायचास तसंच पाहत होतास, हे मला दुसऱ्या नळीला कळलं. पाटीवर मी तुला काही लिहिलं नाही. समोर बसून लिहिण्यासारखं ते नव्हतं. आता लिहिते.

माझी खोटी नळी ६४ नव्हती. ७१ होती. मी खूण केली नव्हती, पण आकडा माझ्याच वयाचा, म्हणून लक्षात राहिला. तिला वडाजवळच्या शेतकऱ्याची बंदूक म्हणून चिठ्ठी लावली आहेस. ती भिंतीवर आहे. तुझे पाच बार खाऊन जशीच्या तशी आहे, आणि शनिवारीही तडकलेल्या कपासारखीच बोलली.

फुटली ती ६४. माझं नोव्हेंबरचं पत्र काढून बघ. शाळेची घंटा जिला म्हटलं ती. जिचा नाद मी बारापर्यंत मोजला ती. भिकनला दे असं जिच्याबद्दल मी लिहिलं ती. खोटी म्हणून मी एक दिली हे मला माहीत होतं. चांगली म्हणून दुसरी खोटी दिली हे मला माहीत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईकं जमली होती, सावळ्या, आणि मला त्यांनी बघत राहावं असं वाटत होतं.

गेले दोन दिवस मी डोकं चालवते आहे. माझा कान गेला असेल. चौतीस वर्षं एका बाजूने हेडफोन दाबून काहीतरी तर झालंच असेल. किंवा बाबांची परीक्षा त्यांच्या काळच्या लोखंडाची होती, आणि या नव्या मालाला ती लागू पडत नसेल. तसं असेल तर चांगली नळी आणि खोटी नळी हे आपल्या घरातले शब्दच खोटे झाले. चिमणाचं सूप ६४ ला थांबलं असतं का? मला वाटतं थांबलं असतं. तू तसंच समज. मी त्यावर वाद घालणार नाही, आणि मी वाद घालणार नाही असं म्हणते यावरून काय ते ओळख.

महेश मला गाडीत म्हणाला, आत्या, तुम्ही जानेवारीतच आकडा लिहिला असता तर अण्णांनी ७१ तेवढी बाजूला काढली असती, बाकीच्या परत दिल्या असत्या, आणि हात भिकनचा गेला असता. अण्णांनी सगळ्या तपासल्या म्हणून भिकन वाचला. पोरगं खरं बोलतं. त्याने मला समाधान व्हावं म्हणून ते फार विचार करून शोधलं होतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण समाधान झालं नाही. भिकनचा हात वाचावा म्हणून तुझा द्यायचा, हा सौदा मला कुणी विचारला नव्हता.

तुझ्या ओट्यावर भिकन बसला होता, तू आत होतास. मला वाटलं बंदूक मागायला आला असेल. मी त्याला सांगून टाकलं की यातली कोणती चांगली ते मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, बाई, मका तर डुकरांनी कवाच संपवला, आता बंदुकीचं काय घेऊन बसल्या, मी दादाचा हात बघायला आलोय. वांगी आणली होती त्याने पिशवीभर. बायडाबाईने सांगून पाठवलं होतं, लुगडं परत नको, ते धुतलं तरी निघणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पाचांपैकी एकही देऊ नकोस. मला चार चांगल्या ऐकू येतात, आणि मी चांगल्या म्हटलेल्या नळीने काय केलं ते तुझ्या बाहीत आहे. तू दातांनी सांगू शकत नाहीस, मी कानाने सांगू शकत नाही, आणि जी सांगायची ती गेली. यंत्राकडे नेऊन काय उपयोग? यंत्र चार चांगल्या म्हणेल आणि महेश त्या देऊन येईल, पण पहिला बार कोण काढणार? निवडणारा यंत्र असेल तर कुणाचा खांदा लावायचा? मी आजच अर्ज इंग्रजीत टंकून घेतला आहे. पाचही नळ्या मोडीत, परवाना परत. खाली तुझी सही हवी. सहा माणसांना मी स्वतः पत्रं लिहीन आणि खोटी कमान सांगणार नाही.

पोलिसांना तू सांगितलंस, 'नळी मी निवडली.' ते खोटं आहे आणि मी ते लेखी दुरुस्त करणार आहे. दुकानात दोऱ्याला टांगून, बारापर्यंत मोजून, ही घ्या म्हणणारी मी होते. तुझ्या हातात ती आली तेव्हा ती निवडलेलीच होती. आणि आपल्या घरचा नियम तू पत्रात मला दोनदा ऐकवलास.

तो बार माझा होता, सावळ्या. तू माझ्या जागी उभा राहिलास, आणि मी इकडे गुडघे वाकवत बसले होते.

उत्तर लिहू नकोस असं लिहिणार होते. पण लिही. फोनवर तू मला ऐकत नाहीस आणि मी तुला ऐकून काय करू? अक्षर तेवढं येऊ दे.

लोभ वाढवू नकोस. आहे तेवढा काढून घेतला नाहीस तर पुष्कळ.

तुझी,
अक्का